मामाकडून सप्रेम भेट

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की आमच्याकडे एक भांडण ठरलेलं. यंदा ते एका डब्यावरून झालं. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, एका बाजूची कडी तुटलेली, बुडाला चांगला मोठा पोचा. बायको म्हणाली, "मोडीत देऊन टाका, चार चमचे तरी येतील." मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "मागच्या वर्षीही राहू देच म्हणाला होतात." ते खरंच होतं.

डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलंय, 'मामाकडून सप्रेम भेट, १९७६'. माझ्या आईच्या लग्नात तिच्या मामानं केलेला आहेर. हा मामा मी पाहिलेलासुद्धा नाही. पण १९९६ ते ९८ अशी दोन वर्षं लातूरच्या एसटी स्टँडवर मला त्याच्याच नावानं ओळखायचे. कंट्रोलरच्या खिडकीपाशी पोरांची गर्दी असायची आणि कंडक्टर डबा वर धरून ओरडायचा, "मामाकडून कोण हाय रं? घिऊन जा लवकर!"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहावीला बरे मार्क पडले की पोराला लातूरला टाकायचं, ही आमच्याकडची तेव्हाचीही रीत आणि आताचीही. 'लातूर पॅटर्न'चा तेव्हा बोलबाला होता. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं यायची आणि ती यादी पेपरात वाचून आसपासच्या तालुक्यांतले बाप कर्ज काढायचे. कॉलेजची फी कशीबशी भागायची, खोलीचं भाडं पाच जणांत वाटलं की भागायचं, मेसचं काही भागायचं नाही. मग जेवण गावाहून यायचं. एसटीनं.

आमचं गाव औसा तालुक्यात, लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. मुक्कामाची गाडी दिवेलागणीला यायची, रात्रभर मारुतीच्या पाराजवळ उभी राहायची आणि सकाळी सहाला लातूरला निघायची. आई चारला उठायची. ज्वारीच्या भाकरी, बेसन नाहीतर येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सणावाराला धपाटे. मग आमच्या आळीतला एक म्हातारा, ज्याला स्वतःचं लेकरूबाळ नव्हतं, तो चार घरांचे चार डबे दोन हातांत अडकवून पारापर्यंत न्यायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा गुडघा सुजला म्हणून तो गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी चारही घरी जाऊन, काल चुकलं म्हणून सांगून आला.

त्या काळच्या गाड्यांत इंजिनाचं बॉनेट आतच, ड्रायव्हरच्या शेजारी असायचं. त्यावर पोतं अंथरलेलं. डबे त्या पोत्यावर रांगेत. दीड तासात इंजिनाच्या उबेनं आमटी पुन्हा गरम व्हायची आणि सगळ्याला डिझेलचा एक बारीक वास लागायचा. आजही घाटात एखाद्या जुन्या ट्रकमागं अडकलो की मला भूक लागते. हे डॉक्टरला सांगण्यासारखं नाही.

या डब्यांना तिकीट नव्हतं, पावती नव्हती. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी सुटली, तेव्हा भाकरीची वाहतूक कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही स्टँडवर सकाळी जाऊन बघावं, कापडी पिशव्यांत बांधलेले, झाकणावर ऑइलपेंटनं नावं घातलेले डबे उतरताना दिसायचे. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे परत जायचे. म्हणून प्रत्येकाचे डबे दोन. माझा दुसरा डबा साधा जर्मनचा होता, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो आला तरी हाक 'मामाकडून' अशीच यायची.

हाक मारणारा कंडक्टर. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. ड्यूट्या बदलायच्या, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस हाच असायचा. खाकी डगल्याची वरची दोन बटणं उघडी, काखेत तिकिटांचा ट्रे, हातात पंच. तो पंच कटकट वाजवत माणसं मागं सरकवायचा. चेहरा कायम असा, की कुणीतरी आत्ताच फाटकी नोट दिलीय.

अकरावीत असताना एकदा मला जाग आली नाही. रात्री फिजिक्स करत बसलो होतो, डोळा उघडला तेव्हा साडेआठ. धावत स्टँडवर गेलो तर गाडी पुढच्या फेरीला निघून गेलेली. कंट्रोलरच्या खिडकीत डबा नव्हता. दिवसभर उपाशी राहायची तयारी करून वळलो, तर कँटीनवाल्यानं हाक मारली. डबा त्याच्याकडं होता. भाजी त्यानं कढईत पुन्हा गरम करून ठेवली होती आणि वर स्वतःचा एक भजीचा घाणा टाकला होता. पैसे विचारले तर म्हणाला, "कंडक्टर सांगून गेलाय, त्याला जेवायला घाल आन् माझ्याकडनं दोन शिव्या दे. जेव आधी." शिव्या त्यानं खरंच दिल्या. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं त्याच्या वाट्याच्या वेगळ्या दिल्या, भर स्टँडवर, सगळ्या पोरांदेखत. "तुझ्या आईला चार वाजता उठायला जमतंय, तुला साताला जमंना? काय कलेक्टर झालास का?"

मला तेव्हा फार अपमान वाटला होता. आता वाटतं, आमच्याकडं माया सरळ बोलून दाखवायची सोयच नाही. ती वाटेत कुठंतरी रागाचं सोंग घेते. आजारी माणसाला बघायला जायचं आणि पहिलं वाक्य, "अंगावर काढलंस ना दुखणं?" कुणाला पैसे द्यायचे आणि वर ऐकवायचं, "आधी सांगायला काय झालं होतं?" बाहेरच्याला वाटावं भांडण चाललंय. उलट गोड बोलणाऱ्या माणसापासून आई आम्हाला लांब राहायला सांगायची.

कॉलेजात जाऊन मी थँक्यू म्हणायला शिकलो. एक दिवस डबा हातात घेताना कंडक्टरला म्हणून टाकलं. तो पंच वाजवायचा थांबला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काय रं, परका झालास का?" त्यानंतर दोन-तीन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. आभार हे आमच्याकडं सत्कार समारंभाच्या शेवटी मानतात, तेही लोक उठून चपला शोधत असताना.

आई लिहू-वाचू शकत नव्हती, त्यामुळं डब्यात चिठ्ठी कधी नसायची. निरोप कंडक्टर तोंडीच आणायचा, आणि त्याला निरोपातलं काही गाळता यायचं नाही. "गाय व्याली म्हण. कालवड हाय." "तुझ्या बापाला ताप हाय, पण पोराला सांगू नका म्हणलीय तुझी आई, म्हणून तू काय मनावर घिऊ नको." चटणीत मीठ जास्त पडलं असेल तर तेही सांगून जायचा, "आज जरा खारट झालंय म्हणली." आम्ही उघडायच्या आधी आम्हाला चव माहीत.

गावानंही त्यांना उपाशी झोपू दिलं नाही, हे सांगायला हवं. मुक्कामाचा ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे अर्धे गावचेच. रात्री कुणाच्या तरी घरून दोन ताटं पारावर जायची. कुणाच्या घरून, याची काही यादी नव्हती, तरी कधी चुकायचं नाही. थंडीत अंघोळीला हंडाभर ऊन पाणी. येळवशीला तर गाडी उभी ठेवून दोघांना शेतात ओढून न्यायचे. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात भज्जी, उंडे आणि आंबील खाऊन कडब्याच्या कोपीच्या सावलीत आडवा होतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हात धरून थांबवतात. नाही म्हणणाऱ्याचा राग येतो. आमचा कंडक्टर पहिल्या वर्षी चार गाडगी आंबील प्यायला आणि दुपारच्या फेरीची वेळ झाली तेव्हा त्याला उठवायला आजी गेली होती.

आता एखादा हिशेबी माणूस म्हणेल, ते भाकरी खायचे म्हणून डबे न्यायचे. मीही कधीकाळी, अर्थशास्त्राची दोन पुस्तकं वाचून झाल्यावर, असंच काहीतरी मित्रांना समजावून सांगितलं होतं. पण मग कँटीनवाल्याचा घाणा कुठल्या खात्यात धरायचा? तो आमच्या गावाला कधी आला नाही.

आणि तो ओढ्याजवळचा माणूस. १९९७च्या पावसाळ्यात गावाच्या पुढचा नळकांड्यांचा पूल पाण्याखाली गेला. गाडी अलीकडं उभी. तासाभरानं पाणी गुडघ्याखाली आलं तरी ड्रायव्हरनं गाडी घातली नाही, आणि बरोबर केलं. त्या गाडीत पुढच्या गावचा एक माणूस होता, त्याची लातूरला कोर्टात तारीख होती. तो धोतर खोचून पायी निघाला, तर कंडक्टरनं पाचही डबे पोत्यात घालून त्याच्या खांद्यावर दिले. त्यानं ते पोतं पाण्यातून नेलं, पुढं तीन किलोमीटर चालला, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मांडीवर घेऊन बसला, लातूरला स्टँडवर उतरला. तिथं आम्ही नव्हतो. गाडी येत नाही म्हटल्यावर परतलो होतो. मग तो खोली शोधत आला. पाच पोरांची खोली, गाव अमुक, एवढ्या पत्त्यावर. दारात उभा राहिला तेव्हा कमरेपर्यंत ओला होता आणि बारा वाजून गेले होते.

पोतं खाली ठेवताना त्याचा हात सुटला आणि माझा डबा फरशीवर आदळला. तोच हा पोचा. त्यानं डबा उचलला, सगळीकडून फिरवून बघितला, आणि एवढा ओशाळला की जणू त्यानं आमचं काही चोरलं होतं. "नवा हुता का?" त्यानं विचारलं. आम्ही म्हटलं, नाही हो, जुनाच आहे. त्यानं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. जेवा म्हटलं तर म्हणाला, "तारीख गेली का बघावं लागंल." आणि गेला. तारखेचं काय झालं ते कळलं नाही. तो परत कधी दिसला नाही. आम्ही पाचही जण तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे मठ्ठ गोळे होतो, आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही की त्याच्याबरोबर कोर्टापर्यंत जावं.

मोठ्या संकटात माणसं धावून येतात याचं मला तेवढं नवल वाटत नाही. ते मी फार जवळून पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचं गाव किल्लारीपासून पंचवीसेक किलोमीटर, आमच्या भिंती नुसत्या उलल्या. तेव्हा कुठून कुठून ट्रक आले. भाकरीचे, ब्लँकेटांचे, जुन्या कपड्यांचे. कपडे तर एवढे आले की रस्त्याकडेला ढीग पडले होते. चांगलंच होतं ते, त्याला कोण नाव ठेवील? पण महिन्यानं ट्रक थांबले, थांबणारच. रोज सकाळी सहाला, आमच्यासाठी काहीही भयंकर घडलेलं नसताना, एका साध्या मंगळवारी, दुसऱ्याच्या पोराची आमटी सांडू नये म्हणून खड्ड्यापाशी एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात डब्यांवर ठेवणारा ड्रायव्हर, हे मला जास्त अवघड वाटतं.

गावाचं एवढं गुणगान केल्यावर हात जरा आखडता घ्यायला हवा. मी वर लिहिलंय की म्हातारा चार घरांचे डबे न्यायचा. खोलीत आम्ही पाच होतो. पाचवा वस्तीवरचा. त्याचा डबा म्हातारा नेत नसे. त्याची आई स्वतः अंधारात वेशीवरून चालत यायची आणि गाडीपासून चार हात लांब उभी राहायची. कंडक्टर खाली उतरून डबा घ्यायचा आणि बॉनेटवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवायचा. खोलीत आम्ही पाचही डबे एकत्र उघडायचो, तिच्या हातची अंबाडीची भाजी सगळ्यांत आधी संपायची. हे आमच्या घरी माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये याची काळजी मी घेतली होती. तो म्हातारा, ज्याच्याबद्दल मी एवढ्या मायेनं लिहिलं, तो हाच. दोन्ही खरं आहे.

१९९७च्या डिसेंबरात, एका सकाळी कंडक्टरनं हाकच मारली नाही. मी खिडकीपाशी गेलो. पाच डबे होते, पण त्यात 'मामाकडून' नव्हता, जर्मनचाही नव्हता. पाचवा डबा वेगळाच, पितळी, कल्हई उडालेला. मी म्हणालो, "आमचा कुठाय?" कंडक्टर म्हणाला, "हाच तुझा. बस इथं." त्यानं मला फलाटावरच्या बाकड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. तो कधी बसायचा नाही.

"खा."

"खोलीवर जाऊन खातो की."

"हितंच खा म्हणलं ना."

डबा उघडला. दोन भाकरी, अजून वाफ धरून ओल्या झालेल्या, आणि अंबाडीची भाजी. भाजीवरून मला घर कळलं, पण कारण कळेना. मी खात होतो आणि तो पंच न वाजवता समोर बघत होता. शेवटचा घास होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी गेली तुझी. पहाटं. घरी चूल पेटायची न्हाई आज, म्हणून म्हणलं खाऊन घे." लगेच उठला, ट्रेमधून तिकीट फाडलं, पंच मारला, खिशातून पैसे काढून थैलीत टाकले आणि तिकीट माझ्या मुठीत कोंबलं. "औशाच्या गाडीत बस, तिथनं फुडं जीप घे. तिकीट ठिव, चेकर येतोय आज." फुकट बसवायचं त्याच्या मनातही आलं नाही, नियम नियमाच्या जागी.

नंतर कळलं ते असं. वस्तीवरची ती बाई नेहमीसारखी पहाटे डबा घेऊन आली. आमचा डबा येणार नाही हे तिला पाराजवळ कळलं. ती तशीच माघारी पळाली, दोन भाकरी थापल्या आणि गाडी सुटता सुटता डबा आणून दिला. ड्रायव्हरनं तेवढा वेळ गाडी चालूच करून ठेवली होती, निघाला नव्हता.

त्या साली येळवस सुतकात गेली. तेरावं झाल्यावर मी आईला तो पितळी डबा दाखवला आणि कुणाचा ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं डबा चिंचेनं घासला, त्यात धपाटे भरले, वर गुळाचा खडा ठेवला, कारण रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. "दिऊन ये," म्हणाली. मी म्हटलं, तू चल. ती आली नाही. वेशीपर्यंत आली, तिथं थांबली, मी परत येईपर्यंत उभी होती. एवढंच तिला जमलं, आणि ते कमी होतं हे तिलाही कळत होतं, असं मला वाटतं. पुढच्या आठवड्यापासून तिनं म्हाताऱ्याला पाचवा डबाही घ्यायला सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मग आमचा डबा आईच पारावर घेऊन जायला लागली.

आता भाचा लातूरला शिकतो. मेस आहे, मोबाइलवर जेवण मागवता येतं. २०२१-२२च्या संपात काही महिने एसटी बंद होती तेव्हाच डब्यांची सवय सुटली, असं लोक सांगतात. तिकीट मशीनमधून निघतं, पंचाची कटकट गेली.

माळ्यावरून डबा काढल्यावर मी आईला फोन लावला. ती आता बहिणीकडे असते, ऐकायला कमी येतं. तिला विचारलं, त्या मुक्कामाच्या गाडीच्या कंडक्टरचं नाव काय गं? म्हणाली, "नाव कुणाला ठाव? कंडक्टरच म्हणायचो." मग जरा थांबून म्हणाली, "पर त्याची लेक शिकत हुती की नांदेडला. तिचा डबा दुसऱ्या कुण्या कंडक्टरच्या गाडीनं जायचा. लई काळजी करायचा, पोचला का न्हाई, पोचला का न्हाई."

दोन वर्षं मी त्याच्या हातून डबा घेतला आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला मुलंबाळं किती.

आई तिकडून ओरडत होती, "आन् डबा मोडीत घालू नको. कडी बशिवून घे. पोचा राहू दे, ठोकायला गेलं तर चीर पडंल."

बोहारणीला तेवढ्यात बायकोनं दोन जुन्या साड्या देऊन टाकल्या होत्या.

डबा अजून ओट्यावर आहे.